झोपलेल्या नंबराचं भाडं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझा जावई वाशीला राहतो. काही वर्षांपूर्वी ऐन पावसाळ्यात त्याने मला एक फोटो पाठवला. हातगाडीवर टोमॅटोने भरलेला पुठ्ठ्याचा खोका, खोक्यावर आमच्या बागेचं नाव आणि त्याखाली ठसठशीत दहा आकडे, म्हणजे माझा फोन नंबर. एप्रिलमध्ये आंबा भरून गेलेला खोका जुलैत टोमॅटो वाहत होता आणि माझा नंबर गावभर हिंडत होता. असा हंगामापुरता लागणारा नंबर उरलेलं वर्ष नुसता राखून ठेवायला काय पडतं, त्याबद्दल हे पत्र.

पावसजवळ आमची दीडशे कलमं आहेत. झाडाचं सगळं हे बघतात. फोन, पेट्या आणि पैसे माझ्याकडे. सुरुवातीला एकच नंबर होता. बँक, आधार, लेकीची सासरची माणसं, शाळेतल्या मैत्रिणी आणि खोक्यावरचा छापील पत्ता, सगळ्याला तोच. मग रात्री साडेअकराला फोन यायचा, "कोण बोलतंय?" अहो, फोन तुम्ही लावलात, कोण बोलतंय ते तुम्ही सांगा! कोणी फुलांची चित्रं पाठवायचा, कोणी नुसतंच "हाय". एकाने लेकीच्या लग्नातला आमचा फोटो, जो मी व्हॉट्सॲपला लावला होता, तो उतरवून मलाच परत पाठवला आणि खाली लिहिलं, "छान". त्या दिवशी घशाखाली घास उतरला नाही. शिवाय आमच्या रिकाम्या खोक्यात कर्नाटकचा आंबा भरून 'रत्नागिरी हापूस' म्हणून खपवणारे वेगळेच. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण गिऱ्हाईक मानांकन बघत नाही, खोक्यावरचा नंबर बघतं. आंबा आंबट निघाला की शिव्या मला.

म्हणून २०१९ च्या हंगामाआधी दुसरं सिम घेतलं, मुद्दाम दुसऱ्या कंपनीचं. आमच्या खळ्यात एका कंपनीची रेंज येते, दुसरीची सड्यावर. वादळात एक टॉवर गेला तर दुसरा तरी लागतो, हा आम्हा किनाऱ्यावरच्यांचा हिशोब शहरातल्या माणसाला चटकन कळायचा नाही. फोन साधा घेतला. त्यात दुसरं सिम घातलं की मेमरी कार्डाला जागा उरत नव्हती, म्हणून कार्डातले नातवाच्या बारशाचे फोटो दुसरीकडे काढून ठेवले आणि कार्डाच्या जागी आंब्याचं सिम बसवलं.

दोन वर्षं सुखाची गेली. खोक्यावर नवा नंबर, घरचा नंबर घरात. रात्री नऊला आंब्याचं सिम बंद करायचं आणि झोपायचं.

मग १६ मे २०२१. तौक्ते वादळ. झाडावरचा उरलासुरला आंबा एका रात्रीत जमिनीवर. सकाळी बागेत पाय ठेवायला जागा नव्हती, नुसता फळांचा सडा, आणि वाऱ्याने मोडलेल्या फांद्यांच्या चिकाचा वास. वीज किती दिवस नव्हती ते आता आठवत नाही, पण चार्ज नसलेला तो फोन मी कपाटात टाकला तो टाकलाच. रिचार्जचं कोणाच्या डोक्यात येणार? पुढे माघात पहिली फळं दिसायला लागली, फोन बाहेर काढला, तर सिम मेलेलं. रत्नागिरीत दुकानात गेले. पोरगा म्हणाला, "काकू, नंबर गेला तुमचा. दुसऱ्याला दिला असेल."

खरंच दिला होता. मराठवाड्यातल्या एका रिक्षावाल्याला. हे मला कळलं ते पुण्याच्या एका जुन्या गिऱ्हाइकाकडून, ज्यांनी कुरियरवाल्याकडून माझा पत्ता शोधून काढला. त्यांच्या फोनमध्ये 'आंबेवाल्या काकू' या नावापुढे काळा गॉगल लावलेला, मोटारसायकलवर बसलेला एक तरुण दिसायला लागला होता. नंबर नव्या माणसाकडे गेला, त्याने त्यावर व्हॉट्सॲप चालू केलं, आणि माझ्या गिऱ्हाइकांना मीच गॉगल घातल्यासारखं झालं. तो बिचारा भला माणूस. रोज दहा-पंधरा जण त्याच्याकडे पेटी मागायचे. त्याने निरोप दिला, "मावशी, सगळ्यांना आंबे पाठवता, मलाच नाही मिळाला अजून." दोन डझनांचा खोका पाठवला मी त्याला. पण त्या हंगामातली निम्मी गिऱ्हाइकं गेली ती गेलीच, आणि छापून आणलेले हजार स्टिकर पडवीत वाळवीने खाल्ले.

तो माणूस भला नसता तर? त्या नंबरला बँक जोडलेली असती तर ओटीपी त्याच्याकडे गेले असते. बंद झालेला नंबर किमान ९० दिवस दुसऱ्याला दिला जात नाही, हे फोन कंपन्यांना नियम घालून देणाऱ्या ट्रायने २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सांगितलं आहे. नव्वद दिवस म्हणजे आमच्याकडे मृगापासून जेमतेम गणपतीपर्यंत. म्हणून या पत्रातून माझ्यासारख्यांना एवढंच सांगते: दुसरा नंबर जगाला द्या, पण बँक, आधार, गॅस यातलं काहीही त्याला जोडू नका. आणि पैसे घ्यायला यूपीआयचा जो पत्ता आपोआप तयार होतो, त्यात अनेकदा आपला मोबाइल नंबरच असतो, तो बदलून घ्या. मी दोन नंबर सांभाळत होते आणि दर पावतीबरोबर घरचा नंबर गिऱ्हाइकाला पोचत होता, हे मला लेकीने दाखवलं तेव्हा कळलं. दुकानात बिलाला नंबर मागतात तिथे "नाही देत" म्हणायला शिका. नंबरासाठी अडून बसू नका, असं ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्येच दुकानदारांना कळवलेलं आहे. मी रत्नागिरीत एका कपड्याच्या दुकानात हे ऐकवलं. मुलगी म्हणाली, "काकू, नंबर टाकल्याशिवाय मशीन पुढे जात नाही." मग टाक दहा वेळा नऊ, म्हटलं. गेलं की मशीन पुढे.

आता मुख्य गोष्टीकडे येते, पैशाकडे.

माझा आताचा दुसरा नंबर फेब्रुवारी ते मे चालतो. फार तर जूनच्या पहिल्या आठवड्यात कोणी उशिराचा रायवळ विचारतो. पुढे आठ महिने तो झोपलेला असतो. पण झोपलेल्यालाही जेवू घालावं लागतं. २०१८ च्या अखेरीस महिन्याला काहीतरी भरलंच पाहिजे हे सुरू झालं, तेव्हा रक्कम होती ३५ रुपये. २०२१ च्या अखेरीस ९९ झाली. जुलै २०२४ मध्ये माझ्या कंपनीत १९९ झाली. आणि महिना म्हणजे २८ दिवसांचा! आमच्या पंचांगात अधिक मास तीन वर्षांतून एकदा येतो, यांच्याकडे दर वर्षी. तेरा वेळा १९९ म्हणजे २५८७ रुपये.

ट्रायने डिसेंबर २०२४ मध्ये कंपन्यांना इंटरनेट नसलेले, नुसत्या बोलण्याचे आणि एसएमएसचे पॅक द्यायला लावले, ही गोष्ट चांगली झाली. जानेवारी २०२५ मध्ये ते आले. माझ्या कंपनीत तेव्हा ८४ दिवसांचा ४६९ ला, वर्षाचा १८४९ ला. म्हणजे सातशे-साडेसातशे वाचले. त्याबद्दल आभार मानायला हरकत नाही. पण त्या १८४९ मध्ये मला मिळतं काय? वर्षभर अमर्याद बोलणं. गणपतीत, दिवाळीत, थंडीत, ज्या सिमवरून मी एक शब्द बोलत नाही, त्यावर अमर्याद बोलणं. मला बोलायचं नाहीये हो. मला फक्त तो नंबर दुसऱ्या कोणाला जायला नकोय.

यावर कोणीतरी लगेच म्हणेल, "अहो, २० रुपयांत सिम चालू राहतं." तो मेसेज माझ्याकडेही आला होता, जानेवारी २०२५ मध्ये, तीन वेगवेगळ्या ग्रुपवर. ट्रायनेच खुलासा केला की हे नवीन काही नाही, नियम २०१३ चा आहे. प्रीपेड नंबर ९० दिवस वापरला नाही तरी खात्यात २० रुपये असतील तर तो बंद करता येत नाही. २० रुपये कापून आणखी ३० दिवस ठेवायचा. नियम उत्तम. मी लगेच २० रुपयांचं टॉपअप मारलं. खात्यात किती आले? १४ रुपये ९५ पैसे! कर वगैरे कापून. म्हणजे २० शिल्लक हवी तर २० भरून भागत नाही. मी दोनदा भरलं. मग कंपनीच्या मदत क्रमांकाला फोन लावला आणि विचारलं, आता माझा नंबर माघापर्यंत राहील ना? त्या मुलीला नियम माहीतच नव्हता. तीन वेळा मला म्हणाली, "मॅडम, तुमच्यासाठी अनलिमिटेडचा छान पॅक आहे." दुकानातल्या पोराला विचारलं, तो हसला. लेखी कोणी काही देत नाही. आणि एकदा हजार स्टिकर वाळवीला घातलेली बाई तोंडी भरवशावर दुसऱ्यांदा बसत नाही. भरले १८४९.

माझे सासरे गेल्यावर आम्ही वर्षभर मुंबईला होतो. घरात लँडलाइन होती, काळी, गोल चकतीची. टेलिफोन खात्यात एक अर्ज केला आणि फोन 'सेफ कस्टडी'त ठेवला. थोडंसं भाडं, फोन बंद, नंबर आपलाच. परत आल्यावर दुसरा अर्ज, आणि त्याच नंबरावर घंटी वाजली. त्या काळात, ज्या खात्याला आपण सगळे नावं ठेवायचो, तिथे हे होत होतं. आता सगळं बोटावर आलं असताना प्रीपेडवाल्याला ही सोय का मिळू नये?

माझी मागणी एवढीच आहे. २० रुपयांत ३० दिवस हे ट्रायने स्वतःच २०१३ मध्ये मान्य केलेलं आहे. तेच उघड दुकानात आणा. आठ महिन्यांचे १६० रुपये आधीच घ्या, वर कर घ्या, येणारे-जाणारे सगळे कॉल बंद ठेवा, आणि "हा नंबर अमुक तारखेपर्यंत राखून ठेवला आहे" असा एक एसएमएस द्या. आंबावाल्यांसारखे किती हंगामी धंदे आहेत इथे. मासेमारी बंद असते तेव्हा खलाशी गावी जातो, पावसात पर्यटकांच्या होड्या उलट्या करून ठेवतात, कोकम-फणसपोळीवाल्या बायकांचे बचत गट दोन महिने फोनवर असतात. सगळ्यांचे नंबर कुठल्या ना कुठल्या पाकिटावर छापलेले आहेत.

खर्च वाचवायला म्हणून लोक दुसऱ्याच्या नावावरचं सिम वापरतात, तेही बरं नव्हे. सरकारच्या संचार साथी पोर्टलवर आपल्या नावावर किती नंबर आहेत ते दिसतं. यांनी बघितलं तर चार निघाले. दोन ओळखीचे, एक लेकीचा कॉलेजातला. चौथा आठवेना. मग लक्षात आलं, बागेत राखणीला असलेल्या नेपाळी गड्याला यांनीच घेऊन दिलेला. गडी लॉकडाउनमध्ये गावी गेला तो परत आला नाही. मग तो नंबर इतकी वर्षं जिवंत कोणी ठेवला, आणि कशाला? 'गरज नाही' असं नोंदवून तो बंद करायला टाकला. माझा नंबर माझ्या नजरेसमोर मेला आणि जो मरायला हवा होता तो टुणटुणीत!

एक शेवटचं. फोन करणाऱ्याचं सिमच्या अर्जावरचं नाव समोरच्याला दिसावं, अशी शिफारस ट्रायने फेब्रुवारी २०२४ मध्ये केली. फसवणारे वाढलेत, त्यामुळे ते हवंच, मीही मान्य करते. पण खोका पोचला का हे विचारायला मी ज्या अनोळखी माणसाला फोन लावते, त्याला माझं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव सगळं कशाला कळायला हवं? बागेचं नाव दिसलं तर पुरे आहे. दुकानदाराला पाटीवर दुकानाचं नाव चालतं, तसं धंद्याच्या सिमला धंद्याचं नाव लावायची सोय आम्हा लहान माणसांनाही, जीएसटी नंबर न मागता, मिळाली पाहिजे.

पत्र छापलंत तर खाली माझं नाव नको, एवढं कराल. तुमच्या नियमाप्रमाणे संपर्कासाठी नंबर सोबत दिला आहे, तो दुसरा आहे. काही विचारायचं असेल तर रात्री नऊच्या आत करा, नंतर ते सिम बंद असतं.

आपली,
एक आंबा बागायतदार,
पावस परिसर, जि. रत्नागिरी