मोझार्टच्या मधोमध नारळ

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या उपनगरातल्या हौशी वाद्यवृंदाच्या नव्या हंगामाची बातमी कालच्या अंकात वाचली. वाजवणार काय ते दोन ओळींत आणि पाहुणे कोण कोण येणार ते मात्र नावानिशी, पदांसकट! 'मान्यवरांची उपस्थिती आणि रसाळ निवेदन' हे म्हणे यंदाचं आकर्षण. जानेवारीत पुन्हा मोझार्टची चाळिसावी सिंफनी आहे, म्हणून हे पत्र लिहिणं भाग पडलं.

गेल्या वेळी सभागृहात असलेल्यांना काय झालं ते सांगायला नको. संयोजकांना सांगायला हवं, कारण ते तेव्हा विंगेत शाली मोजत होते. सिंफनीचा पहिला भाग संपला. सलील चौधरींनी 1961 च्या 'छाया' चित्रपटात वापरल्यापासून ही सुरावट आपल्याकडे सगळ्यांच्या ओळखीची, त्यामुळे टाळ्या पडल्याच. टाळ्यांबद्दल माझी तक्रार नाही. भागांच्या मध्ये टाळी वाजली की नाक मुरडणाऱ्यांनी मोझार्टनं 1778 साली पॅरिसहून वडिलांना लिहिलेलं पत्र वाचावं. वादन चालू असतानाच टाळ्या पडल्या म्हणून स्वारी खूश होती. पण आमचे निवेदक टाळ्या ऐकून कार्यक्रम आटोपला असं समजले आणि माइक घेऊन थेट मंचावर आले.

दुसरा भाग व्हायोलांपासून, म्हणजे व्हायोलिनच्या थोरल्या बहिणींपासून सुरू होतो. एरवी कायम दुसऱ्यांच्या मागे वाजणाऱ्या या वाद्याला असा मान क्वचितच मिळतो. माझी धाकटी व्हायोला वाजवते. दिवसभर बँकेचं काउंटर, मग लोकलच्या गर्दीत वाद्याची पेटी छातीशी धरून, 'गिटार नाही हो मावशी' असं सांगत तालमीला. त्या सुरुवातीच्या ओळी पावसाळाभर आमच्या घरात घुमत होत्या. तर कंडक्टरचा हात वर गेलेला, हिचा गज तारेला टेकलेला, आणि ऐकू काय येतं? 'मी माजी नगरसेवकांना विनंती करतो...'

शाल झाली, श्रीफळ झालं. साहेबांचे आजोबा बुलबुलतरंग वाजवायचे, तेही समजलं. मग प्रायोजक, मग प्रायोजकांच्या सौभाग्यवती. वादक मांडीवर वाद्यं घेऊन मंचावरच बसलेले. दिव्यांच्या उष्म्यात तारा उतरल्या, म्हणून ओबो या फुंकवाद्याच्या 'ए' सुरावर सगळ्यांनी पुन्हा वाद्यं लावली, तर त्यालाही टाळ्या! शेवटी दुसरा भाग सुरू झाला तेव्हा माझ्या मागचे गृहस्थ बायकोला विचारत होते, 'हे नवीन का मघाचंच?' त्यांना काय दोष द्यायचा!

सत्कार करूच नका, असं मी म्हणत नाही. प्रायोजकांशिवाय सभागृहाचं भाडं निघत नाही, एवढं मलाही कळतं. मग सुरुवातीला करा, मध्यंतरात बटाटेवड्याबरोबर करा. निवेदकांच्या हातात एक चिठ्ठी द्या: 'सिंफनीला चार भाग आहेत, चौथा संपेपर्यंत खुर्ची सोडू नये.' रसाळपणा त्यानंतर खुशाल वाहू द्या.

आणि फेब्रुवारीच्या मैफलीत चित्रपटगीतं व सिंफनी वाद्यवृंद 'मुंबईत प्रथमच' एकत्र येणार, असं संयोजकांनी सांगितलं आणि आपण छापलं. गोव्यातल्या मजोर्ड्याचे व्हायोलिनवादक अँथनी गोन्साल्विस यांनी 1958 मध्ये सेंट झेवियर्स कॉलेजच्या आवारात मोठा वाद्यवृंद उभा करून लता मंगेशकर आणि मन्ना डे यांना गायला लावलं होतं. लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले प्यारेलाल व्हायोलिन शिकले ते याच गोन्साल्विसांकडे. चित्रपटगीतं जरूर वाजवा, आम्हाला हवीच आहेत; फक्त 'प्रथमच' तेवढं काढा.

जाता जाता एक. आपल्या 'आजचे कार्यक्रम' सदरात पूर्वी अर्धा रकाना तरी गाण्याबजावण्याला असे. आता भूखंडांच्या जाहिरातीखाली चार ओळी उरल्या आहेत, आणि गेल्या मैफलीची सूचना त्यात आली ती मैफल झाल्याच्या दुसऱ्या दिवशी. जानेवारीची आदल्या दिवशी छापता आली तर पाहावे.

आपली,
एक जुनी वर्गणीदार, मुंबई