खालचा चिखल राहू दे

वाळपई, सत्तरी

प्रिय दत्ता,

तुझं पत्र चवथीच्या धांदलीत मिळालं. कुळागराच्या, म्हणजे आपल्या पोफळीच्या बागेच्या, खालच्या अंगाला चर मारून पाणी व्हाळात सोडायचं, जागा सुकली की पोफळी लावायच्या, असं लिहिलंस. काल तिथं जाऊन आलो. कुदळ घातली तर हातभर खाली काळा गाळ लागला, कुजक्या अंड्यासारखा वास. त्यातून एक पान निघालं. काळं पडलेलं, पण शीर न शीर शाबूत. मी ते घेऊन कितीतरी वेळ तिथंच उभा होतो.

ते कुजलं का नाही? हवेपेक्षा पाण्यातून प्राणवायू सुमारे दहा हजार पट हळू सरकतो. साचलेल्या पाण्यात तो लगेच संपतो. मग पालापाचोळ्यातली फिनॉल जातीची द्रव्यं मोडत नाहीत, कारण त्यांना मोडणाऱ्या एन्झाइमला प्राणवायूच लागतो. आणि ती साठली की कुजवणारी बाकीची एन्झाइमंही थंडावतात. ख्रिस फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये हे मांडलं, आणि त्याला दाराच्या कडीची उपमा दिली. पाणी उतरलं की कडी निघाली.

थंड देशांत हेच हजारो वर्षं चालून पीटचे, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचे, थर झाले, वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर. तिथलं स्फॅग्नम शेवाळ स्वतःच्या मेलेल्या, पोकळ पेशींत पाणी धरून ठेवतं आणि भोवतालचं पाणी आंबट करतं, म्हणजे कुजणं आणखी मंदावतं. पृथ्वीच्या जमिनीपैकी सुमारे ३ टक्केच जागा पीटची, पण जगातल्या सगळ्या जंगलांच्या झाडोऱ्याहून जास्त कार्बन तिथं आहे. आपल्या सड्यावर पावसाळ्यात दवबिंदू उगवतं ना, किडे धरणारं? त्याचे भाऊबंद त्या पीटवरही असतात. नत्र दोन्हीकडे तुटपुंजं, म्हणून किडे.

आता इंग्लंडमधल्या होम फेन या पीटच्या पाणथळ जागेची गोष्ट ऐक. जवळचं तळं उपसून जमीन शेतीला घेतली, आणि १८५१ साली तिथं एक लोखंडी खांब रोवला, माथा जमिनीशी बरोबर. आज तो सुमारे चार मीटर उघडा आहे. खांब वर आला नाही, जमीन खाली गेली. आधी पाणी निघून ती बसली, मग हवा लागून पीट कुजला आणि कार्बन वायू होऊन उडून गेला.

तुझा चिखल म्हणजे पीट नव्हे, हे मला कळतं. पण बांबरची निरंकाराची राय, ती देवराई, आठव. शाळेत असताना गेलो होतो, तू अनवाणी. रानजायफळाच्या कुळातली ती झाडं, चिखलातून गुडघ्यासारखी वर आलेली मुळं. खाली श्वास मिळत नाही म्हणून ती हवेत येतात. अशी पाणथळ जायफळ-वनं सह्याद्रीत आता तुरळकच उरली आहेत. ही राय देवाची म्हणून कुणी तिथं चर मारला नाही.

तुमच्या विहिरीला मे महिन्यातही पाणी असतं. विहिरीच्या वरच्या बाजूला तो चिखल आहे, पावसाचं पाणी धरून हळूहळू सोडणारा, म्हणून असतं, असं मला वाटतं. माईनं त्याच पाण्यावर परसातला भाजीचा वाफा जगवला.

पोफळी वरच्या मेरेला लावू, तिथं पाटाचं पाणी पोचतं. रोपं मी बघून ठेवलीत. गडी रविवारी येणार म्हणालास, त्याआधी फोन कर.

तुझा,
अनंत