साकडे घातले, पुढे काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दर आषाढी एकादशीला पहाटे पंढरपुरात मुख्यमंत्र्यांच्या हस्ते विठ्ठलाची शासकीय महापूजा होते आणि त्यानंतरचे निवेदन, मग पक्ष कोणताही असो, साधारण एकाच धाटणीचे असते: चांगला पाऊस पडू दे, बळीराजा सुखी होऊ दे, असे साकडे विठुरायाला घातले. मी नास्तिक आहे. शासनाने पूजा करावी की नाही याबद्दल माझे मत आहेच, पण तो वाद आज बाजूला ठेवतो. मला खटकते ते असे की, कालव्यांच्या दुरुस्तीचा, पाणीवाटपाचा आणि त्यासाठीच्या निधीचा निर्णय ज्यांच्या हाती असतो, तेच हात जोडून पाणी मागतात आणि आपण सारे समाधानाने मान डोलावतो.

आपल्या सोलापूर जिल्ह्यापुरते बोलायचे तर पावसाचे साकडे मुळातच चुकीच्या ठिकाणी लागते. भीमेवरचे उजनी धरण भरते ते प्रामुख्याने पुणे जिल्ह्यातील सह्याद्रीच्या माथ्यावर पडणाऱ्या पावसाने. सोलापुरात कडक ऊन असतानाही भीमेला पूर येतो, हे येथल्या कोणालाही सांगायला नको. धरणाची एकूण क्षमता सुमारे 117 टीएमसी (अब्ज घनफूट) असून त्यातील 63 टीएमसीहून अधिक पाणी मृतसाठ्याचे, म्हणजे एरवी वापरात न धरले जाणारे तळाचे आहे. पावसाळ्यात शंभर टक्के भरलेले हे धरण पुढच्या मे महिन्यात उणे पातळीत, म्हणजे मृतसाठ्याच्याही खाली गेल्याचेही आपण पाहिले आहे. त्या वर्षी वरुणराजा रुसला होता, असे कोणत्या तोंडाने म्हणायचे? वर्षाकाठी 500 ते 600 मिलिमीटर पावसाच्या प्रदेशात आपण उसाचे मळे फुलवले आणि एकापाठोपाठ एक साखर कारखाने उभे केले. शहराच्या टाकळी पाणीयोजनेसाठी भीमेवरचा औज बंधारा भरायचा म्हणून उजनीतून कोरड्या नदीपात्रात पाणी सोडत राहिलो, आणि शंभर किलोमीटरहून लांबच्या त्या वाटेवर त्यातले किती जिरते, किती उडून जाते आणि काठावरच्या किती मोटारी ते उचलतात, याची चर्चा उन्हाळ्यापुरती करून विसरलो. उजनी ते सोलापूर समांतर जलवाहिनीचे काम वर्षानुवर्षे रेंगाळले आणि चार-पाच दिवसांआड येणाऱ्या नळाची आपल्याला सवय झाली. यातली एकही गोष्ट आभाळातून पडलेली नाही.

दोष केवळ राज्यकर्त्यांचा आहे असे मी म्हणणार नाही. आमच्या सोसायटीची बोअर आटली तेव्हा सभा भरली आणि सामूहिक जप व पर्जन्ययाग करावा, असा ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. वर्गणी त्याच संध्याकाळी जमली. त्याच सभेत कोणीतरी गच्चीवरचे पाणी बोअरमध्ये मुरवण्याचा विषय काढला, तर तो ‘पुढच्या बैठकीत पाहू’ म्हणून बाजूला पडला. पुढे पाऊस झाला. यागाचे श्रेय घेऊन झाले, आणि गच्चीवरून उतरणाऱ्या पाइपचे तोंड मात्र होते तिथेच, थेट गटारीवर राहिले. मोठी सर आली की त्या पाइपातून पडणाऱ्या पाण्याचा आवाज तळमजल्यावर ऐकू येतो. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर 500 मिलिमीटर पाऊस पडला तर सुमारे 46 हजार लिटर पाणी जमते, म्हणजे दहा हजार लिटरचे साडेचार टँकर. आमची गच्ची त्याहून बरीच मोठी आहे. जपाला बसलेली मंडळी आळशी नव्हती, उलट पहाटे उठून सोवळ्यात बसण्याइतकी कष्टाळू होती. परंतु ‘आपण आपल्या परीने केले’ हे समाधान त्यांना जपातूनच पुरेपूर मिळाल्यामुळे प्लंबरला बोलावण्याची निकड कोणाला उरली नाही. नुसत्या आळसापेक्षा मला याची अधिक भीती वाटते. टँकरवर जगणाऱ्या गावात पाऊस यावा म्हणून महादेवाचा गाभारा घागरींनी भरून पिंड बुडवतात, तेथेही हेच घडते.

प्रार्थनेचा गुण येतो, असे सांगणाऱ्यांसाठी एका प्रयोगाचा उल्लेख करतो. हृदयाची बायपास शस्त्रक्रिया झालेल्या 1802 रुग्णांवर अमेरिकेतील सहा रुग्णालयांत झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष 2006 साली प्रसिद्ध झाले. आपल्यासाठी प्रार्थना होते आहे की नाही, हे ज्यांना माहीत नव्हते, त्यांच्यात प्रार्थना झालेल्या व न झालेल्या रुग्णांमधील गुंतागुंतीचे प्रमाण जवळपास सारखेच निघाले. प्रार्थना होत असल्याचे ज्यांना नक्की ठाऊक होते, त्यांच्यात ते थोडे अधिकच होते. आजाऱ्याच्या उशाशी बसून कोणी नामस्मरण केले आणि त्याने धीर आला, तर त्याला माझी हरकत नाही. साप चावलेल्या माणसाला आधी मारुतीच्या पारावर नेणे ही वेगळी गोष्ट आहे. तेथे जाणारा वेळ प्रतिसर्पविषाच्या इंजेक्शनचा असतो, आणि उपचार रोखून मंत्रतंत्र करणे हा 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

माझी ही भूमिका सोलापूरच्या परंपरेवर घाला आहे, असे काहींना वाटेल. ज्या ग्रामदैवताच्या यात्रेला संक्रांतीत सारे शहर लोटते, त्या सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात लोकांच्या श्रमातून तलाव खोदला, असे परंपराच सांगते. त्यांच्या चमत्कारकथांवर माझा विश्वास नाही. तलावाच्या काठाने मात्र मी रोज सकाळी फिरायला जातो.

आपल्या दैनिकाला एक विनंती आहे. येत्या आषाढीला महापूजेची बातमी पहिल्या पानावर जरूर छापावी, परंतु तिच्या शेजारीच, त्याच आकाराच्या चौकटीत, मागील आषाढीपासून उजनीच्या कालव्यांची किती दुरुस्ती झाली, शहराच्या पाणीयोजनेवर किती निधी मंजूर झाला व त्यातील किती खर्च झाला, हेही द्यावे. आकडे मिळाले नाहीत, तर संबंधित खात्याने ते दिले नाहीत, एवढे छापले तरी चालेल.

आपला,
एक नियमित वाचक,
सोलापूर