जिन्याच्या जाळ्या काढू नयेत

प्रति,
मा. अध्यक्ष,
सहकारी गृहनिर्माण संस्था, दादर (प.), मुंबई

विषय : जिन्यात बंद काचा बसवण्यास हरकत

महोदय,

मोठ्या दुरुस्तीत जिन्यातल्या सिमेंटच्या जाळ्या काढून ॲल्युमिनियमच्या चौकटीत बंद काचा बसवणार, असं नोटीस बोर्डावर वाचलं. पावसाची झड आत येते, कबुतरं घाण करतात, या तक्रारी खऱ्याच आहेत. तरी काचांना माझी हरकत आहे.

दुपारी समुद्रावरचा वारा आपल्या पश्चिमेच्या खिडक्यांतून येतो. पण त्याला बाहेर पडायला वाट असेल तरच तो घरात खेळतो. मोठ्या खिडक्या एकाच बाजूला असल्याने आपल्याकडे ती वाट म्हणजे जिना. उन्हाळ्यात सगळे सेफ्टी डोअर लावून आतलं दार उघडं टाकतात ते उगाच नाही. वारा पडला तरी तापलेली हवा हलकी होऊन जिन्यातून वर चढते आणि गच्चीजवळच्या जाळीतून निघून जाते. काचा लावल्या की हे दोन्ही थांबेल. शिवाय आग लागली तर धूर जिन्यातच कोंडेल, आणि उतरायची वाटही तीच.

नागपूरच्या कोरड्या हवेत कूलर चालतो. इथल्या दमट हवेत घाम वाळायला वाराच हवा. ‘एसी लावा’ म्हणणं सोपं आहे. तो आतली उष्णता डक्टमध्ये, म्हणजे इमारतीतल्या उभ्या पोकळीत, फेकतो आणि डक्टकडे खिडकी असणारा शेजारी ती सोसतो.

कंबाला हिलवरच्या कांचनजंगा इमारतीत (१९८३) वास्तुविशारद चार्ल्स कोरियांनी वारा मिळावा म्हणून घरं पूर्व-पश्चिम आरपार ठेवली आणि ऊन-पाऊस अडवायला खोल गच्च्या दिल्या. ती श्रीमंतांची इमारत, मान्य. पण वाऱ्याला भाव माहीत नसतो.

कबुतरांसाठी जाळ्यांना बाहेरून नायलॉनची नेट लावावी. झडीसाठी वर छज्जा किंवा तिरक्या पट्ट्या पुरतील. डक्टवर टाकलेला पत्राही जरा उचलून घ्यावा, म्हणजे खालची गरम हवा सुटेल. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगवर काळं डांबरी शीट उघडं न ठेवता पांढऱ्या टाइल्सच्या तुकड्यांचा चायना मोझॅक करावा, हे जाता जाता. वरच्या मजल्यावरचे दुवा देतील.

कंत्राटदाराला वर्क ऑर्डर देण्याआधी नेट आणि छज्ज्याचं कोटेशन मागवून दोन्ही पर्याय विशेष सर्वसाधारण सभेपुढे ठेवावेत, ही विनंती.

आपला,
एक सभासद
बी विंग, चौथा मजला