आधी खोकी, मग रोबो

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

वृत्तपत्रांच्या मुलांच्या पानांवर ‘चला, रोबो काढूया’ अशा धर्तीची चित्रमाला अधूनमधून येते. पहिल्या चौकटीत दोन गोल, दुसरीत चार आयत आणि तिसरीत एकदम शिंग, तलवार, चिलखतासकट तयार रोबो! मधलं सगळं मुलांनी कुठून आणायचं? जपानी ॲनिमे, म्हणजे तिकडच्या कार्टूनपटांच्या, पद्धतीचा महाकाय रोबो आठ-दहा वर्षांच्या मुलांना नक्की जमतो. गाळलेल्या पायऱ्या तेवढ्या दाखवायला हव्यात, म्हणून हा पत्रप्रपंच.

मुलं सुरुवात डोळ्यांपासून आणि कपाळावरच्या शिंगापासून करतात. त्यामुळे डोकं मोठं होतं, खाली जागा पुरत नाही आणि पाय कागदाच्या कडेला चेपतात. म्हणून आधी उंची आखून घ्यावी. ए-४ कागद उभा धरून मधोमध फिकट रेघ मारावी, त्यावर २४ सेंटिमीटर मोजावेत. डोक्याला वरचे फक्त अडीच सेंटिमीटर. छाती ८ पर्यंत, कंबर साडेनऊपर्यंत, कमरेखालचं चिलखत १२ पर्यंत, म्हणजे बरोबर मध्यावर. गुडघा साडेसोळावर आणि शेवटचे दीड सेंटिमीटर पावलाचे. मांडी आखूड, पोटरी लांब आणि खाली रुंदावत जाणारी, ही या रोबोंची ठेवण आहे. खांद्यांवरच्या ढाली धरून रुंदी ११ सेंटिमीटरच्या आसपास, कंबर मात्र जेमतेम ३. पावलं काढताना हात आखडता घेऊ नये. ती लहान झाली की रोबो आता पडेल असं वाटतं.

मग खोकी. छाती, कमरेखालचा भाग, कोपरापुढचा हात, पोटरी, पाऊल ही सगळी खोकी. दंड आणि मांडी म्हणजे नळ्या. सांध्यांच्या जागी गोळे. यातलं काहीही सपाट आयत म्हणून काढू नये, प्रत्येक खोक्याच्या निदान दोन बाजू दिसल्या पाहिजेत. एक हात पूर्ण सजवून मग दुसऱ्याकडे वळलं की दोन्ही हात हमखास लहान-मोठे होतात. त्यापेक्षा दोन्ही खांदे, मग दोन्ही दंड, मग दोन्ही मुठी असं जोडीजोडीनं उतरावं. कागदाच्या पट्टीवर एका बाजूची लांबी खुणेनं घेऊन दुसरीकडे लावली की झालं. मूठ म्हणजेही एक खोकं, त्यावर बोटांसाठी तीन रेघा आणि अंगठ्याचा एक तुकडा. वेगळी बोटं काढण्याचा हट्ट या वयात नको. चिलखताचे भाग एकमेकांना चिकटवू नयेत, सांध्याशी २-३ मिलिमीटर फट ठेवावी. फट नसेल तर गुडघा वाकेल कुठून, हे मुलांना लगेच पटतं.

आता खरा मुद्दा. एवढं सगळं नीट काढूनही रोबो खेळण्याएवढाच दिसतो. मोठेपणा शेजारच्या गोष्टींवरून कळतो आणि त्याचं साधं गणित आहे. १९७९ च्या ‘मोबाइल सूट गंडम’ या जपानी मालिकेतल्या मुख्य रोबोची उंची १८ मीटर आहे. तेच माप धरलं तर आपल्या २४ सेंटिमीटरच्या चित्रात १ मीटर म्हणजे सव्वा सेंटिमीटरहून थोडं जास्त. पायाशी उभा माणूस फार तर सव्वादोन सेंटिमीटर भरेल, पोटरीवरच्या शिडीच्या पायऱ्या ४-४ मिलिमीटरवर येतील. त्याच पायऱ्या १-१ सेंटिमीटरवर काढल्या की रोबो तिथल्या तिथे बुटका होतो.

क्षितिजाची रेघही घोट्याच्या जरा वर, पावलांच्या तळापासून दोन सेंटिमीटरवर ठेवावी. जमीन सपाट असेल तर उभ्या असलेल्या सगळ्या मोठ्या माणसांचे डोळे, ती जवळ असोत की लांब, साधारण याच रेघेवर येतात. रेघेच्या वरच्या खोक्यांची वरची बाजू दिसत नाही, खालची दिसते. म्हणून छातीच्या आणि खांद्याच्या खालच्या बाजू दाखवून गडद कराव्यात. दंडावरचे पट्टे कमानीसारखे वर फुगलेले हवेत. मुलं ते हटकून हसऱ्या ओठांसारखे खाली झुकवतात आणि मग आपण रोबोकडे गच्चीवरून पाहतोय असा भास होतो. मुलांच्या चित्रांत सर्वांत जास्त दिसणारी आणि सर्वांत कमी दुरुस्त केली जाणारी चूक हीच.

डोळे, शिंग, चिलखतावरच्या बारीक रेघा सगळ्यात शेवटी. रेघा मोजक्याच असाव्यात आणि खोक्याच्या कडेवर आल्या की त्या कडेबरोबर वळाव्यात, नाहीतर वर स्टिकर डकवल्यासारख्या वाटतात. मापं घेणं सोडलं तर रेघा मारायला पट्टी हातात घ्यायची ती याच टप्प्यावर. सुरुवातीपासून रेघांना वापरली तर रोबो ताठून जातो. आतापर्यंतचं सगळं काम एचबी पेन्सिलनं, न दाबता झालेलं असावं. बाहेरची रेघ ०.८ मिलिमीटर टोकाच्या काळ्या पेननं, आतल्या ०.३ च्या पेननं. शाई पूर्ण वाळल्याशिवाय खोडरबर फिरवू नये. जलरंग द्यायचे असतील तर पाण्यानं न पसरणारं पेनच हवं. सावली बोटानं घासून मऊ करू नये: ॲनिमेत उजेड आणि सावली यांची सीमा सुरीनं कापल्यासारखी असते. प्रत्येक रंगाच्या दोन छटा पुरतात.

सहा-सात वर्षांच्या मुलांना क्षितिज आणि खालच्या बाजू यांत पाडू नये. समोरून दिसणारी खोकी आणि पायाशी चिमुकला माणूस, एवढं त्यांना भरपूर आहे.

तेव्हा अशी चित्रमाला छापताना तयार रोबोची चौकट लहान करा आणि खोक्यांच्या चौकटीला निम्मं पान द्या, मापांसकट. जागा कमी पडत असेल तर तलवार गाळली तरी चालेल.

आपले,
मुलांना चित्रकला शिकवणारे काही शिक्षक