व्हॉल्यूम वाचवणाऱ्या ताईंना

सातपूरच्या ताई, सप्रेम नमस्कार.

छाटणीनंतरच्या फवारण्या ऐन भरात होत्या. पिंपळगाव भागातल्या कोणत्या प्लॉटवर कोणतं औषध मारलं, मात्रा किती, शेवटच्या फवारणीपासून काढणीपर्यंत किती दिवस थांबायचं, हे सगळं आमच्या पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये. निर्यातीच्या द्राक्षांना याच नोंदी लागतात. आणि नेमकं तेव्हाच ॲप ‘पासवर्ड ऑथेंटिकेशन फेल्ड’वर अडून बसलं. एन्व्ह, म्हणजे सेटिंग्जच्या फाइलमध्ये नवा पासवर्ड नीट लिहिलेला, डेटाबेस ज्यात चालतो तो डॉकरचा कंटेनर चालू. ‘कंपोजने (कंटेनर चालू-बंद करणारं डॉकरचं साधन) डाऊन करताना हायफन व्ही लावा, सगळं नव्याने उठेल,’ असं जो तो सांगत होता.

तुम्ही फोनवर पहिल्यांदा म्हणालात, “व्हॉल्यूमला हात लावू नका. लॉग वाचून दाखवा.” व्हॉल्यूम म्हणजे कंटेनर गेला तरी डेटा जिथे टिकून राहतो ती डॉकरची जागा.

लॉगमध्ये ओळ होती: डिरेक्टरीत आधीच डेटाबेस दिसतोय, ‘स्किपिंग इनिशियलायझेशन’, म्हणजे सुरुवातीची मांडणी वगळतोय. तेवढ्यावरून तुम्ही दुखणं ओळखलंत. पोस्टग्रेसची इमेज, म्हणजे कंटेनर ज्यातून उभा राहतो तो साचा, एन्व्हमधला पासवर्ड फक्त पहिल्यांदा, डेटाची जागा रिकामी असतानाच घेते. नंतर फाइलमध्ये काहीही लिहा, व्हॉल्यूममध्ये जुनाच चालतो. तुम्ही आम्हाला कंटेनरच्या आत पीएसक्यूएलमध्ये, म्हणजे पोस्टग्रेसला कमांड द्यायच्या प्रोग्रॅममध्ये नेलंत. तिथे आतून पासवर्ड विचारतच नाही. ‘बॅकस्लॅश पासवर्ड’ ही कमांड देऊन नवा टाकला आणि ॲप लगेच जोडलं गेलं. हायफन व्हीने व्हॉल्यूमच पुसला गेला असता, आणि बागायतदारांना आम्ही काय तोंड दाखवलं असतं?

काम झालं होतं, तुम्ही फोन ठेवू शकला असता. पण तुम्ही इन्स्पेक्ट करून माउंट, म्हणजे कंटेनरला कोणता व्हॉल्यूम जोडलाय ते, दाखवायला लावलेत. व्हॉल्यूमच्या नावाआधी कंपोज प्रोजेक्टचं, म्हणजे एरवी फोल्डरचंच नाव जोडतं. फोल्डरचं नाव बदललं की कोरा व्हॉल्यूम तयार होतो आणि डेटा गेला असं वाटतं, हे तेव्हा कळलं. इमेजपुढचं ‘लेटेस्ट’ही, म्हणजे सगळ्यात नवी आवृत्ती मागणारा शब्दही, तुम्हीच काढायला सांगितलंत. आमचा डेटा पोस्टग्रेसच्या आवृत्ती १६चा, आणि आवृत्ती १८पासून इमेजमधली डेटाची जागाच बदलली आहे. आता फाइलमध्ये स्पष्ट १६ लिहिलंय.

इतक्या शांतपणे, आम्हाला कुठेही कमी न लेखता तुम्ही हे शिकवलंत. ऑफिसातल्या सगळ्यांच्या वतीने मनापासून आभार.

तुम्ही सांगितलेला पीजी-डंप, म्हणजे डेटाबेसचा बॅकअप, रोज रात्री निघतोय. या रविवारी तो दुसऱ्या मशीनवर उतरवून बघणार आहोत. अडलं तर फोन करू.

आपला,
पिंपळगावचा ऑपरेटर