मोरे ईल चवताळलेला नव्हता

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत, कपारीतून डोके काढून तोंड वासलेल्या एका माशाच्या छायाचित्राखाली ‘हल्ल्याच्या पवित्र्यातील विषारी समुद्री साप’ अशी ओळ छापली आहे. पांढुरक्या अंगावरचे काळे डाग, त्यांतले पिवळे ठिपके आणि तोंडाच्या टोकाशी नळीसारख्या पुढे आलेल्या दोन पिवळ्या नाकपुड्या पाहता हा स्नोफ्लेक मोरे ईल हा सापासारखा लांबट मासा, शास्त्रीय नावाने एकिडना नेब्युलोसा, आहे. पुरवणी मुले वाचतात, म्हणून दुरुस्ती छापावी ही विनंती.

त्याचे तोंड उघडे होते ते श्वासासाठी. मोरे कुळातील माशांच्या कल्ल्यांची बाहेरची तोंडे बारीक छिद्रांएवढी असल्याने त्यांना तोंडाची सतत उघडमीट करून पाणी आत ढकलावे लागते. विषाचे दातही या माशाला नाहीत. त्याचे दात बोथट, खेकड्याचे कवच फोडण्याजोगे असतात.

खरे नवल मात्र छायाचित्रात दिसणार नाही, कारण ते घशात आहे. बहुतेक मासे तोंडाची पोकळी झटकन फुगवतात आणि आत ओढल्या जाणाऱ्या पाण्याबरोबर भक्ष्य गिळतात. मोरेच्या घशात दातेरी जबड्यांची दुसरी जोडी असते. पुढच्या जबड्यांनी भक्ष्य पकडले की ही जोडी घशातून पुढे सरकते, त्यात दात रोवते आणि ते अन्ननलिकेकडे ओढून नेते. २००७ साली रीता मेहता आणि पीटर वेनराइट या जीवशास्त्रज्ञांनी मोरे कुळातल्याच दुसऱ्या एका जातीच्या माशाच्या अतिवेगवान चित्रीकरणातून ही हालचाल दाखवून दिली. पुढे २०२१ मध्ये मेहता यांनी सहकाऱ्यासह प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात स्नोफ्लेक मोरेंना उतारावरून पाण्याबाहेर येऊन माकुळाचे तुकडे खायला शिकवले होते, आणि ते गिळण्यासाठी त्यांना पाण्यात परतावे लागले नाही. ओहोटीला उघड्या पडलेल्या खडकांवर खेकडे पकडणाऱ्या या माशाला ही सोय किती उपयोगी पडत असेल, हे सांगायला नको.

बडोद्याला समुद्र नसला, तरी सयाजीबागेच्या संग्रहालयातील देवमाशाचा सांगाडा पाहत वाढलेल्या मुलांना एवढा तपशील जड जाणार नाही. हा मासा घरच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीतही पाळला जातो, तेव्हा हौशी वाचकांसाठी एक पुस्ती जोडतो: टाकीत त्याला शिरायला कपार हवी आणि वर घट्ट झाकण हवे, कारण लहानशा फटीतूनही तो बाहेर निसटतो.

आपला,
एक वाचक, बडोदे